पगार मुंबईचा, अनामत गावाकडची

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला निकाल लागतात, नेमणुकीची पत्रे हातात पडतात आणि आमच्या घरचा फोन वाजू लागतो. कधी तो लातूरहून येतो, कधी सांगलीहून, कधी चिपळूणहून. नात्यातले किंवा ओळखीतले कुणीतरी आधी इकडची तिकडची चौकशी करते आणि मग मुद्द्यावर येते. ‘पोराला मुंबईत नोकरी लागलीय. सहा लाखांचं पॅकेज आहे. तुम्ही तिथं राहता म्हणून विचारतो, भागेल ना त्यात?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर फोनवर देता येत नाही. म्हणून एकदा सगळा हिशेब कागदावर मांडून पाहायचे ठरवले.

आधी त्या पॅकेजकडे पाहू. सहा लाख म्हणजे महिना पन्नास हजार, असा सरळ भागाकार घरोघरी होतो आणि पेढेही त्याच आकड्यावर वाटले जातात. पण हा आकडा म्हणजे त्या मुलापायी कंपनीला येणारा एकूण खर्च. त्यात भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ता असतो, तर कधी वर्षाखेरीस मिळालाच तर मिळणारा बोनसही असतो. मूळ वेतन निम्मे म्हणजे २५ हजार धरले, तर बारा टक्क्यांप्रमाणे कंपनीचे तीन हजार आणि मुलाचे तीन हजार निधीत जातात. ग्रॅच्युइटीचे बाराशे आणि व्यवसाय कराचे दोनशे वजा केले की हातात साडेबेचाळीस हजारांच्या आसपास उरतात. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. निधीतला पैसा बुडीत नाही हे खरे, पण घरमालकाला तो दाखवून चालत नाही.

आता जे सांगतो ते ऐकून गावाकडची मंडळी चमकतात. मुंबई स्वस्त आहे. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट आजही पाच रुपये आहे आणि महिन्याचा पास काही शे रुपयांत निघतो. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये दुप्पट झाले, तरी ते दहा रुपयेच आहे. वडापाववर दुपार काढता येते, पोळीभाजी केंद्रावर संध्याकाळ निभावते आणि दोन्ही वेळचा घरगुती डबा साडेतीन-चार हजारांत लागतो. पोट आणि पाय यांचा खर्च या शहराने अजून गरिबाच्या आवाक्यात ठेवला आहे. पुण्यात दुचाकीच्या पेट्रोलवर जेवढे जातात, तेवढ्यात मुंबईत अंबरनाथ ते सीएसएमटी रोजचा प्रवास होतो.

महाग आहे ते डोक्यावरचे छप्पर. आणि त्याची सगळ्यात मोठी रक्कम पहिल्याच दिवशी, दारात उभे असताना मोजावी लागते.

दोन मित्रांनी मिळून मालाड-कांदिवलीकडे २४ हजार भाड्याची एक छोटी जागा घेतली असे समजू. सध्याच्या बाजारात हे काही चैनीचे भाडे नव्हे. मालक तीन महिन्यांची अनामत मागतो, म्हणजे ७२ हजार. एक महिन्याचे भाडे दलालाचे आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ. झाले एक लाख वीस हजार. करारनाम्याच्या नोंदणीचे शुल्क त्यामानाने किरकोळ आहे. अकरा महिन्यांचे एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के गृहीत व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, वर एक हजार नोंदणी फी, असे सारे मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर बसते. एजंट मात्र त्याचे चार-पाच हजार सांगतो आणि नवखी मुले ते देतात. निम्मा वाटा एकाचा धरला तरी प्रत्येकी साठ हजारांवर गेले. गादी, बादली, दोन भांडी, पंखा नसेल तर पंखा. पहिला पगार यायला पुरा महिना, तोवरचे जेवण आणि जाणे-येणे. सगळे धरून ऐंशी हजार रुपये. म्हणजे पहिला पगार हातात पडण्याआधी जवळजवळ दोन पगार खर्च झालेले असतात.

हे ऐंशी हजार आणतो कोण? तो मुलगा तर नुकताच कॉलेजातून बाहेर पडला आहे. ते येतात वडिलांच्या मुदतठेवीतून, आईच्या भिशीतून, सोसायटीच्या कर्जातून, कुठे विकलेल्या सोयाबीनमधून. एके काळी मुंबईतून गावाकडे मनीऑर्डर जायची. गिरणीतला कामगार पगार झाला की पोस्टाच्या खिडकीशी रांग लावायचा आणि त्या पैशांवर कोकणातले, घाटावरचे घर चालायचे. आज नोकरीची सुरुवात उलट्या मनीऑर्डरने होते. हा बदल मला गेल्या काही दशकांतला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

कारण शहरात शिरण्याची किंमत तेव्हाही होतीच, फक्त ती एकट्याने भरावी लागत नव्हती. कोकणातल्या आणि कोल्हापूर-साताऱ्याकडच्या अनेक गावांनी लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड भागांत गावाची म्हणून खोली धरली होती. गावचा माणूस मुंबईला आला की वळकटी घेऊन थेट त्या खोलीत जायचा. दहा बाय बारात वीस-पंचवीस जण असत. पाळ्या वेगळ्या, म्हणून झोपायच्या वेळाही वेगळ्या. एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. वर्गणी महिन्याला किरकोळ, आणि नोकरी लागेपर्यंत तीही थकली तर कुणी बाहेर काढत नसे. गोव्याच्या लोकांनी हीच व्यवस्था ‘कुड’ या नावाने केली. धोबीतलावच्या जेर महालात अशा अनेक गावांचे कुड होते, आणि बोटीवर जाणारा खलाशी पुढच्या बोटीची वाट पाहत तिथे अल्प पैशांत राहायचा. जेवणाला खानावळवाली बाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ज्यांची संघटना अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून उभी केली, त्याच या बाया. पगाराच्या दिवसापर्यंत त्या उधारीवर जेवू घालत. म्हणजे अनामत गावाची, उधारी खानावळीची आणि अंगमेहनत तेवढी आपली.

या जगण्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ढेकूण, सामायिक संडास, वर्षातून एकदा गावी गेल्यावर दिसणारी बायको-मुले, हे सगळे त्यात होते. पण स्वस्त खोलीचे मोल किती असते याचे एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दोन दशकांहून अधिक काळ परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत गेला. तशी खोली आज परळमध्ये कुणा विद्यार्थ्याच्या कुटुंबाला किती भाड्याने मिळेल, याची चौकशी करून पाहावी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. पाठोपाठ खानावळी आटल्या, गावांच्या खोल्या ओस पडल्या किंवा पुनर्विकासात गेल्या. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीत तिहेरी वाटणी ठरली होती : काही मोकळ्या जागेसाठी, काही परवडणाऱ्या घरांसाठी, काही मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल ग्राह्य धरला. फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे हे सांगायला नकोच. नोकरीसाठी येणारी मुले लोअर परळच्या त्याच पट्ट्यातल्या कचेऱ्यांत काम करतात आणि रात्री राहायला मात्र विरारला जातात.

घरे इतकी महाग का, याचे उत्तर नेहमी ‘जागाच नाही’ असे दिले जाते. समुद्राने तीन बाजूंनी घेरलेले शहर आहे हे खरेच. पण २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी, कुलूपबंद आढळली होती. माणसाला घर नाही आणि घराला माणूस नाही! याची मुळे आपल्या भाडे कायद्यात आहेत. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून पागडी आली. पुढे मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट शोधली. तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या दिवशी मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती आजही पुरती गेलेली नाही. जागा रिकामी ठेवू, पण माणूस नको. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि मुदतीच्या करारांत मालकाला पुरेसे संरक्षण मिळाले, तरी अकरा महिन्यांची सवय सुटली नाही. एक वर्षाहून कमी मुदतीच्या कराराला पूर्वी नोंदणी लागत नसे, हे त्या अकराचे एक मूळ. आता महाराष्ट्रात प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. पण कारण गेले तरी अकरा महिने राहिले, आणि दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड पाठीवर घेण्याची टांगती तलवारही राहिली. नूतनीकरणाला पाच ते दहा टक्के वाढ आणि काही दलालांची पुन्हा दलाली.

आता महिन्याचे गणित. हातातल्या साडेबेचाळीस हजारांतून निम्मे भाडे बारा हजार. वीज, गॅस, इंटरनेट, धुणी-भांडी यांचा वाटा दोन हजार. डबा, नाश्ता, चहा मिळून साडेसहा. पास आणि स्टेशनपासूनची शेअर रिक्षा मिळून दोन. उरले वीस हजार. शिक्षणासाठी चार लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी दहा टक्क्यांनी काढले असेल, तर त्याचा हप्ता सहा हजार सहाशेच्या पुढे. राहिले तेरा-साडेतेरा. त्यात कपडे, औषधपाणी, गणपतीला आणि दिवाळीला गावी जाणे, मित्रांच्या लग्नांचे आहेर, आणि महिन्यातून चार रविवार. हात आखडता ठेवणारा मुलगा पाच-सात हजार बाजूला टाकू शकतो. तेव्हा, फोनवरच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर ‘भागेल’ असेच आहे. मात्र जोडीदार मिळाला तर, आणि अनामत कुणीतरी भरली तर.

पॅकेज तीन लाखांचे असेल तर मात्र उत्तर बदलते. हातात बावीस हजारांच्या आतच पडतात. मग एका खोलीत चौघे-पाच जण किंवा कॉट बेसिस, आणि घरून दरमहा थोडी भर. ती भर तात्पुरती आहे असे सगळे धरून चालतात. मी पाहिलेल्या घरांत ती दोन-तीन वर्षे चाललेली आहे. गावात पंधरा हजारांची नोकरी मिळत असेल आणि पुढच्या बढतीची वाट मुंबईतूनच जात नसेल, तर अशा वेळी नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

मुलगी असेल तर हिशेबाला आणखी एक घर पडते. मुंबईत रात्री दहाला एकटी बाई लोकलने घरी जाऊ शकते, हे या शहराचे मोठेच देणे आहे. पण स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा मैल मोजावा लागतो. मुलगा स्टेशनपासून अर्धा तास चालत जाण्याच्या अंतरावर स्वस्तात राहील, मुलीसाठी आईवडील स्टेशनजवळची, वॉचमन असलेली इमारत पाहतात. एकाच पगारावर तिचे भाडे जास्त आणि शिल्लक कमी. नोकरदार महिलांची चांगली वसतिगृहे गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत, आणि तिथल्या जागेसाठीची वाट पाहणे हा वेगळाच विषय आहे.

शिवाय काही किंमती कुठल्याच दरपत्रकात नसतात. जागा दाखवायला आलेला दलाल आधी आडनाव विचारतो, मग ‘मांस-मच्छी चालणार नाही’ सांगतो, मग ‘बॅचलर नको’. या चाळणीतून मुसलमान आणि दलित मुले सगळ्यात जास्त गळतात. ज्याला दहा ठिकाणी नकार मिळतो तो अकराव्या ठिकाणी दोन हजार जास्त द्यायला मुकाट्याने तयार होतो. मासे खाणाऱ्या मालवणी माणसालाही मुंबईच्या काही इमारतींत हा अनुभव येतो, तेव्हा आपल्याकडे बातम्या होतात आणि मोर्चेही निघतात. बाकीच्यांच्या वाट्याचे मात्र बातमीत येत नाही.

पण माझ्या मते खरा हिशेब पहिल्या महिन्यात नसतोच. तो पाचव्या-सहाव्या वर्षी, लग्नानंतर सुरू होतो. जोडीदार-भाडेकरूबरोबरची वाटणी संपते आणि पुरे भाडे एका घरावर येते. उपनगरात छोटेसे वन बीएचके घ्यायचे म्हटले तर कोटभर रुपये लागतात. त्यातले वीस-पंचवीस लाख स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्काचे सहा टक्के आणि नोंदणीचे तीस हजार वेगळे. घर बाईच्या नावावर घेतले तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांचे जरी कर्ज काढले, तरी साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता त्रेचाळीस हजार चारशेच्या घरात जातो, म्हणजे आजचा त्याचा अख्खा पगार. आणि फेड होते एक कोट चार लाखांची. म्हाडाची सोडत हा एक दरवाजा आहे, पण २०२३ मध्ये मुंबई मंडळाच्या ४,०८२ घरांसाठी सुमारे एक लाख वीस हजार अर्ज आले होते. एका घरामागे तीस जण.

मग माणूस लोकलच्या रुळांबरोबर पुढे सरकत जातो. जनगणनेत हे स्वच्छ दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबईची वस्ती एक कोटी वीस लाखांवरून जेमतेम एक कोटी चोवीस लाखांवर गेली. शहर जिल्ह्याची तर कमी झाली. त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तीस लाखांची भर पडली. मुंबईत येणारा मुंबईत राहत नाही, तो बदलापुरात राहतो. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत जायला दोन तास, यायला दोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास. नोकरीचे दोनशे तास आणि तिच्यासाठीच्या प्रवासाचे शंभर. भाड्यात वाचलेले दहा-पंधरा हजार या शंभर तासांनी भरलेले असतात, आणि लहान मूल असलेल्या घरात तेच तास सगळ्यात महाग असतात. धोक्याचे तर बोलायलाच नको. उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या गाड्यांतून प्रवासी रुळांवर फेकले गेले, काही जागीच गेले. त्यांच्या घरांनीही कधीतरी भाडे आणि अंतर यांचा असाच हिशेब केलेला असणार.

एवढे सगळे सांगूनही मी कुणाला ‘पाठवू नका’ असे सहसा म्हणत नाही. या शहरात कामाची कदर होते, दोन वर्षांत नोकरी बदलता येते, गावात ज्या जातीच्या नि नात्यांच्या नजरा पाठीवर असतात त्या इथे बऱ्याच सैल होतात. मी सांगतो ते एवढेच की पेढे वाटण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. सीटीसी नको, हातात पडणारी रक्कम किती ते विचारा. कचेरी कुठल्या स्टेशनला आहे ते विचारा, कारण ठाण्याची कचेरी आणि नरिमन पॉइंटची कचेरी यांत घर निवडण्याचा सगळा फरक पडतो. रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस कंपनी राहण्याची सोय करते का, आणि अनामतीसाठी बिनव्याजी उचल देते का, हेही विचारा. मुले हे विचारायला लाजतात, बऱ्याच कंपन्या विचारल्यावर देतात. अनामतीला मर्यादा घालावी म्हणून केंद्राने २०२१ मध्ये नमुना भाडे कायदा केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल ठरवली आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तेव्हा मालक काय मागेल ते बाजारच ठरवतो.

शेवटची गोष्ट अनामत परत मिळण्याची. माझ्या भाचीच्या अनामतीतून घर सोडताना मालकाने रंगाचे म्हणून अठरा हजार कापले, आणि भिंती तर ती येण्याआधीपासूनच पोपडे धरलेल्या होत्या. आत शिरताना भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवले असते तर वाद झाला नसता. पैसे रोख देऊ नयेत, बँकेतूनच द्यावेत, आणि अनामतीचा आकडा करारात पुरा लिहून घ्यावा. निम्मा लिहू, निम्मा तोंडी ठेवू, असे म्हणणारा मालक भेटतोच. नोंदणी करणे ही १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार मालकाची जबाबदारी आहे. ती केली नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे कलम फार थोड्या मुलांना माहीत असते, मालकांना आणि दलालांना मात्र ते चांगले पाठ असते.